मंगळवारचा कागद

शीलाताई,

तुमचा खण काल रिकामा केला. टेबल नव्या मुलीला द्यायचंय म्हणून साहेबांचा दोनदा निरोप आला होता. मी यादी केली, कारण दुसरं काही सुचलं नाही. चष्मे दोन, त्यातल्या एकाची काडी दोऱ्याने बांधलेली. बडीशेपेची डबी. कुकरच्या रबरी रिंगा तीन, वेगवेगळ्या मापाच्या. आणि तुमचे ते कागद. वर फक्त ‘मंगळवार’ एवढंच लिहिलेलं, खाली सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंतचे तास, आणि प्रत्येक तासापुढे कोरी जागा. मोजले, अडतीस निघाले. चष्मे आणि डबी तुमच्या लेकीकडे, समताकडे दिली. रिंगा आणि कागद मी ठेवून घेतले. विचारायला तुम्ही नव्हतात, म्हणून परस्पर ठेवले.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत जे करायचं ते सगळं केलं. तुमच्या लेकीचं मेलबर्नहून येणं, विमानतळावर गाडी, नातेवाइकांना फोन, पुण्यानुमोदनाच्या दिवशीचा मांडव, खुर्च्या, पिण्याचं पाणी. एकेका ओळीपुढे खूण करत गेलो. अविनाश होता म्हणून निभावलं, असं धरमपेठेतल्या तुमच्या शेजाऱ्यांनीसुद्धा सांगितलं. मग खुणा करायच्या संपल्या आणि मी किती दमलोय ते कळलं. झोप काढून जाईल असा हा थकवा नाही.

आपलं काम नेमकं काय, हे लोकांना सांगताना आपली नेहमी जुंपायची. मी सांगायचो, कंपनीतली जी माणसं परदेशात कामाला जातात, त्यांच्या जाण्याची व्यवस्था बघतो. व्हिसा, घर, मुलांची शाळा, सामान. तुम्ही मध्येच म्हणायच्या, “ज्याची ऑर्डर निघाली तो आपलं पाहून घेते. त्याले तिकडं ऑफिस आहे, खुर्ची आहे, जेवाले सोबती आहेत. त्याच्या मागून जे माणूस जाते न, त्याचं मी पाहते.” मला हे जरा नाटकी वाटायचं. बारा वर्षं वाटत राहिलं.

माझी यादी बहात्तर कलमांची. तुम्ही पहिल्याच महिन्यात तिच्या तळाशी पेन्सिलीने त्र्याहत्तरावं लिहिलंत: कुकरची रिंग. मी म्हणालो, ही कार्यालयाची यादी आहे, स्वयंपाकघराची नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, “आपल्या कुकरची रिंग तिकडं भेटत नाही गा. रिंग गेली की वरण गेलं. वरण गेलं की माणूस रडते, आणि कायले रडून राहिलो ते त्याचं त्यालेच समजत नाही.” मी ते कलम खोडलं. पुढच्या प्रतीवर तुम्ही पुन्हा लिहिलंत. मग दर वेळी मी खोडायचो, दर वेळी तुम्ही लिहायच्या. यावर आपण शेवटचं भांडलो ते दिवाळीच्या आधी, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

दुसरं भांडण ‘डिपेंडंट’ या शब्दाचं. फॉर्मवर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावापुढे तो छापलेला असतो. तुम्ही त्यावर रेघ मारून वर लिहायच्या: शिक्षिका. नर्स. वेल्डिंगचं दुकान. मी म्हणायचो, अहो, वकिलातीतून फॉर्म परत येईल. मग तुम्ही फक्त आपल्या फाइलमधल्या प्रतीवर लिहायला लागलात. “आपल्या प्रतीवर तरी माणूस राहू दे,” म्हणालात. मी म्हणालो, शब्दाने काय होतं? तुम्ही म्हणालात, “तुले नाही लागला न तो कधी. म्हणून.”

तुम्हाला लागला होता, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. एकदा मे महिन्यात आपण मिहानच्या ऑफिसातून मेट्रोने सीताबर्डीला येत होतो, तेव्हा तुम्ही सांगितलंत. सरांची, म्हणजे तुमच्या यजमानांची, बदली स्वीडनला झाली आणि तुम्ही भूगोलाची नोकरी सोडून त्यांच्यामागे गेलात. ज्या देशाचा नकाशा फळ्यावर न बघता काढायच्या, त्या देशात सकाळी दहा वाजता कुठे जायचं ते माहीत नव्हतं. सर गेले की बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. “चढताना ड्रायव्हर गुड मॉर्निंग म्हणायचा,” तुम्ही म्हणालात. “दिवसभरात माह्याशी तेवढंच एक वाक्य कोणी बोलायचं. त्याच्यासाठी जायची मी.” मग सीताबर्डी आलं आणि तुम्ही उठलात. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ताई, डबा राहिला तुमचा.

मंगळवारचा कागद तिथूनच आला असणार. जाणारं जोडपं आपल्याकडे आलं की ज्याची ऑर्डर निघाली त्याला तुम्ही आधी कँटीनमध्ये पिटाळायच्या. “जा गा, चहा पिऊन ये. दोन पी.” मग मागे राहिलेल्यापुढे तो कागद. सोमवार नको, सोमवारी सगळ्यांनाच हुरूप असतो. शनिवार-रविवार दोघं मिळून फिरायला जातात. मंगळवार कोणाचाच नसतो. तिकडचा एक मंगळवार लिहून दे मला, दहा ते सहा. एवढं सांगून तुम्ही गप्प बसायच्या. समोरचं माणूस बोलेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही, हा तुमचा नियम. मी काचेतून घड्याळ लावून बघितलंय. एकदा अकरा मिनिटं गेली होती. तेवढ्या वेळात माझी पाच कलमं उरकली असती.

बहुतेक जण अकरापर्यंत लिहायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यासाठीच कागद होता, असं तुमचं म्हणणं. एकदा हातात पेन असताना माणसाला कोरी जागा दिसली की तिकडे गेल्यावर ती अंगावर येत नाही. मागच्या बाजूला तुम्ही स्वतःसाठी पेन्सिलीने एक ओळ टिपायच्या. आणि ते कुटुंब गेल्यावर सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी फोन. युरोपात असतील तर थंडीत आपले अडीच म्हणजे तिकडचे दहा. एक जण कामावर गेलेलं असतं आणि दुसऱ्यापुढे दिवस पडलेला असतो. निवृत्त झाल्यावरही तुम्ही आठवड्यातला तेवढा एक दिवस सोडला नाही. दीडला डबा खाऊन, चूळ भरून, अडीचला फोनपाशी.

आता प्राजक्ताचं लिहायला हवं. तिला विचारून लिहितोय.

चार वर्षं झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुम्ही दहा दिवस रजेवर होतात, आणि नेमकी निखिलची हॉलंडची ऑर्डर घाईत निघाली. त्याची बायको प्राजक्ता काटोलची, संत्र्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, इथे फिजिओथेरपिस्ट होती. यादीतल्या सगळ्या खुणा झाल्या, फक्त तुमची राहिली. मी तो कागद निखिलला मेलवर पाठवला आणि लिहिलं, प्राजक्ताकडून भरून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. टाइप केलेला. दहा ते अकरा चालणे. अकरा ते बारा स्वयंपाक. बारा ते दोन ऑनलाइन कोर्स. तीन ते पाच वाचनालय. एकही तास मोकळा नव्हता. मला फार बरं वाटलं. इतका नीटनेटका कागद ताईंना आजवर कोणी दिला नाही, असं मनात आलं. खूण केली.

तुम्ही काळा चष्मा लावून परत आलात आणि तो कागद डोळ्यांजवळ धरून वाचलात. मग विचारलंत, “हा कोणासमोर भरला?”

मी म्हणालो, “माझ्यासमोर. प्राजक्ता इथंच बसली होती.”

का बोललो असं, ते चार वर्षं शोधतोय. मोठं कारण सापडत नाही. यादी पूर्ण झाली होती आणि मला ती पुन्हा उघडायची नव्हती, एवढंच. तुम्ही म्हणालात, “इतका भरलेला मंगळवार मी पाहिला नव्हता बाप्पा.” आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. त्या महिन्यात पुष्कळ कुटुंबं गेली होती. ज्यांचे कागद कोरे होते त्यांना तुम्ही आधी फोन केलेत. प्राजक्ता मागे मागे जात राहिली.

चौथ्या महिन्यात निखिलचा मला मेल आला. ती बारा दिवस घराबाहेर पडली नव्हती. पडदे उघडू देत नव्हती, आईचाही फोन घेत नव्हती. तिला एकटीला परत पाठवायचं आहे, काय करावं लागेल, असं त्याने विचारलं होतं. मी यादी उघडली. परत येणाऱ्या माणसासाठी माझ्या बहात्तर कलमांत एकही कलम नव्हतं.

तिचा भाऊ तिला विमानतळावरून काटोलला घेऊन गेला. पुढच्या मंगळवारी तुम्ही तिथे निघालात. मी ऑफिसची गाडी देत होतो. तुम्ही नको म्हणालात. “गाडी घेऊन गेली तर ऑफिस आल्यासारखं होईन तिले. मी बसनंच जाते.” दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर संत्र्यांची पिशवी ठेवलीत. तिच्या वडिलांनी दिली होती. मी विचारलं, कशी आहे ती? “बोलून राहिली आता,” तुम्ही म्हणालात, आणि समोर बसून राहिलात. मी एक संत्रं सोललं. तुम्ही माझ्या हातांकडे बघत होतात. मला वाटलं, तुम्हालाही हवंय. अर्धं पुढे केलं. तुम्ही घेतलंत, खाल्लंत आणि उठून गेलात.

त्यानंतर नव्या लोकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात तुम्ही हा किस्सा सांगायला लागलात. नाव न घेता. आणि चूक स्वतःची म्हणून. “कागद वाचण्यात मी चुकली. डोळा नवा बसवला होता, पण पाहिलं नाही.” पोरं थोडी हसायची. मग तुम्ही विचारायच्या, “कोणाले काही बोलायचं आहे का?” आणि थांबायच्या. चांगल्याच थांबायच्या. पोरं एकमेकांकडे बघायची, कोणी पाण्याची बाटली उघडायचं. मी शेवटच्या रांगेत हजेरीचा कागद घेऊन बसलेला असायचो. मान खाली घालून नावांपुढे खुणा करायचो. सगळ्यांच्या झाल्या असल्या तरी पुन्हा एकदा. मास्तरणीची सवय आहे, असं समजायचो मी. सात-आठ वेळा तरी हे झालं असेल.

तुम्हाला सांगायचं मी ठरवलं नव्हतं, असं नाही. माझ्या डायरीत ते होतं. ‘ताईंशी बोलणे.’ जे काम आज झालं नाही ते मी उद्याच्या पानावर उतरवतो, हे तुम्हाला माहीत आहे. हे कलम चार वर्षं उतरवत आलो. अक्षर इतकं सवयीचं झालं की वाचायची गरज उरली नाही. तुमच्या निरोपसमारंभाच्या दिवशी तर त्याखाली रेघही मारली होती. मग हार आणायचे राहिले म्हणून मी सीताबर्डीला पळालो. तुम्ही गेलात त्या शनिवारच्या पानावरही ते आहे. दुधाच्या खाली आणि गाडीच्या सर्व्हिसिंगच्या वर.

पुण्यानुमोदनाला प्राजक्ता आली होती. पांढरी साडी, कडेवर दीड वर्षाची मुलगी. निखिल वर्षभरात परत आला, आता दोघं नागपुरातच आहेत आणि तिचा दवाखाना चांगला चालतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वंदना झाली, लोक उठले, मी पाण्याचे जग भरत होतो. ती जवळ येऊन म्हणाली, काका, बसा न जरा, सकाळपासून उभे आहात. माणूस कुठे मोडेल ते सांगता येत नाही. मी जग खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. तो कागद तू माझ्यासमोर भरलास असं मी ताईंना सांगितलं होतं. म्हणून तुला फोन उशिरा झाला. ताईंनी चूक स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली.

ती गोंधळली. मग म्हणाली, “पण काकूले माहीत होतं न ते. काटोलले आल्या तेव्हाच सांगितलं मी. कागद निखिलनं भरला, मी पाहिलाबी नव्हता म्हणून.”

“मग ताई काय म्हणाल्या?”

“हसल्या थोड्या. म्हणे, अविनाशले काही बोलू नको वं. तो सोताच सांगन मले. त्याले वेळ लागते.”

मुलगी रडायला लागली म्हणून ती तिला घेऊन सावलीत गेली. मी जग उचलला आणि उरलेल्या लोकांना पाणी दिलं.

तेव्हापासून मी ती सात-आठ प्रशिक्षणं पुन्हा पुन्हा बघतोय. ‘कोणाले काही बोलायचं आहे का?’ पोरांना नव्हतात विचारत तुम्ही. शेवटच्या रांगेला विचारत होतात. आणि नियमाप्रमाणे, समोरचा बोलेपर्यंत गप्प राहत होतात. अकरा मिनिटांची मी चेष्टा केली होती. माझ्यासाठी तुम्ही चार वर्षं थांबलात.

मला तुमचा राग आला, ताई. आधी तोच आला. एकदा केबिनमध्ये बोलावून विचारायचं होतं. मी सांगितलं असतं. समताला मी हे म्हटलं, तर ती तुमच्यासारखीच नुसती बघत राहिली. नसतं सांगितलं. तुम्ही विचारलं असतं तर मी दुसरं काहीतरी सांगितलं असतं, तेही अर्ध्या सेकंदात. तरीपण आपलं हे भांडण मिटलं असं मी धरत नाही. तुम्ही थांबायला नको होतं. माझ्याकडे तेवढा वेळ आहे असं तुम्ही गृहीत धरलंत, आणि मीही.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं होतं. तुमच्या फोनांच्या जागी आता मोबाइलवर एक फॉर्म करायचा असं ठरत होतं. जोडीदाराने तिकडे गेल्यावर सहाव्या आठवड्यात तो भरायचा. दहा प्रश्न, प्रत्येकापुढे हसरे-रडके चेहरे. मी सही केली की सुरू. फॉर्म चांगला होता. मलाच तसा करता आला असता. मी म्हणालो, असा फॉर्म मी चार वर्षांपूर्वी पाठवला होता, तो नवऱ्याने भरला, आणि मी वर खोटं बोललो. सगळं सांगितलं. नवी मुलगीही तिथेच होती. साहेब म्हणाले, मॅडम तर नेहमी स्वतःची चूक म्हणून सांगायच्या. मी म्हणालो, हो, आणि मी हजेरी घ्यायचो. शेवटी ते म्हणाले, वर्षभर चालू ठेवा फोन. पण अविनाशजी, करायचे तुम्हीच. तुम्हाला जमेल?

जमेल असं मी म्हणालो नाही. करतो, म्हणालो.

आज मंगळवार. सहाव्या आठवड्यात एकच नाव होतं, सौरभ. त्याच्या बायकोला डेन्मार्कची ऑर्डर मिळाली आणि तो इथले गणिताचे क्लास बंद करून तिच्यासोबत गेला. त्याचा कागद काढला. साडेअकरापर्यंत भरलेला, पुढे कोरा. मागे तुमची पेन्सिल: ‘हसतो फार.’

दीडला डबा खाल्ला. अडीचला फोन लावला. एकदम मस्त चाललंय सर, तो म्हणाला. सायकली, बर्फ, शेजारच्या आजोबांचा कुत्रा. हसत हसत सांगत होता. एरवी मी ‘छान, काही लागलं तर कळवा’ म्हणून एका मिनिटात ठेवलं असतं. मी म्हणालो, दहा वाजलेत न तिकडे, आता संध्याकाळपर्यंत काय करणार ते सांगा. तो पुन्हा हसला. मी पेनाला टोपण लावलं, पेन खणात टाकलं आणि गप्प बसलो.

फार अवघड आहे हो ते, ताई. जिभेवर दहा वाक्यं येतात. बाहेर एक विमान उतरलं, त्याचा आवाज पूर्ण विरला. नवी मुलगी काहीतरी विचारायला आली, माझं तोंड बघून परत गेली. तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

मग तो म्हणाला, “सर, एक विचारू? हसाल तुम्ही. आपल्या कुकरची रिंग तिकडून पाठवता येते का? तीन आठवडे झाले, तुटली. म्हणजे, वरणाचं काही नाही सर…” आणि पुढचं त्याला बोलता येईना.

तुमच्या तिन्ही रिंगा माझ्या खणात होत्या. कोणत्या मापाची हवी, ते मी शेवटी विचारलं. आधी त्याला बोलू दिलं.